राहिलं, सोडलं, ठेवलं: ‘अर्धवट’ या शब्दाबद्दल

एखादी गोष्ट पुरी झालेली नाही हे सांगायला मराठीत शब्दांची कमतरता नाही. पण त्यांची अदलाबदल करून बघा, लगेच कानाला खटकतं. पगार अपुरा असतो, अर्धवट नसतो. अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, पण तो आपण भरलेला असतो अर्धवट. प्रेम अधुरं असतं. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेलं आणि अरुण दात्यांनी गायलेलं राजाराणीचं गाणं आठवा आणि त्या कहाणीला मनातल्या मनात ‘अर्धवट’ म्हणा. सगळा विरह संपून हसू येईल. अधुरं म्हटलं की कोणीतरी उसासा टाकतं. अर्धवट म्हटलं की कोणीतरी कपाळावर आठ्या घालतं.

तरी रोजच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त राबतो तो अर्धवटच. अर्धवट विणलेला स्वेटर, अर्धवट झोप, अर्धवट मिटलेले डोळे, अर्धवट बघून सोडलेली वेबसिरीज. अपुरा, अधुरा ही विशेषणं लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलतात, हा बदलत नाही. मुलगा, मुलगी, काम, कामं, सगळ्यांना एकच.

त्याच्या शेवटचा ‘वट’ मला फार आवडतो. कडवट म्हणजे कडू नव्हे, कडूपणाकडे झुकलेलं. खारवटही तसंच. अर्धवटला या रांगेत उभं केलं (हा व्युत्पत्तीचा दावा नाही, कानाला वाटतं ते सांगते आहे) तर त्याचा अर्थ होतो ‘अर्ध्यासारखं’. म्हणजे नेमकं अर्धं नाहीच. अर्धा कप चहा हे माप आहे, आणि तो मापापुरता पूर्णच असतो. अर्धवट प्यालेला चहा कपात किती उरलाय ते कपात डोकावल्याशिवाय कळत नाही. एक हात मारलेली भिंत अर्धवट रंगवलेली, आणि एक कोपरा सोडून सगळी रंगवलेली भिंतही अर्धवटच रंगवलेली. इतका ढिला शब्द दुसऱ्या कोणत्या कामाला चालला नसता. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींना मात्र तो चपखल बसतो, कारण त्या कधीच बरोबर मध्यावर थांबत नाहीत.

या शब्दात दोष दिलेला नाही, असं माझं म्हणणं आहे. दोष त्याच्या मागून येणाऱ्या क्रियापदात असतो.

गावाकडे किंवा तालुक्याच्या ठिकाणी गच्च्यांवर लोखंडी सळया वर आलेल्या दिसतात. घरमालक सांगतो, वरचा मजला अर्धवट ठेवलाय, मुलाच्या लग्नापर्यंत चढवू. शेजारी सांगतो, अर्धवट राहिला, पैसे संपले. मालकाचा भाऊ सांगतो, कंत्राटदाराने अर्धवट सोडला. सळया त्याच. ठेवलं म्हटलं की त्यात बेत आहे. राहिलं म्हटलं की नशीब आहे आणि कर्ता गायब आहे. सोडलं म्हटलं की आरोपी उभा राहतो. शिवाय ‘टाकलं’ आहे. ताट अर्धवट टाकून उठू नकोस, यातलं टाकणं सोडण्यापेक्षा वाईट, कारण त्यात अन्नाचा अपमानही आला.

हे व्याकरणाचे चोचले वाटत असतील तर एक वाक्य घ्या, जे पुस्तकांच्या मलपृष्ठावर आणि श्रद्धांजलीच्या लेखांत हमखास सापडतं: ‘लग्नामुळे त्यांनी शिक्षण अर्धवट सोडलं.’ इथे कर्ता ती बाई. सोडणारी ती. लग्न ठरवणारे, शाळेतून नाव काढणारे, फी भरायची नाही म्हणणारे, सगळे त्या ‘मुळे’च्या आड जाऊन बसले. ‘सोडावं लागलं’ असं लिहिलं तर निदान कोणाचा तरी जोर होता एवढं कळतं. ‘शिक्षण अर्धवट सोडवलं’ असं मात्र मी अजून कुठे वाचलेलं नाही. सरकारी भाषेने तर याहून सोपी वाट काढली. तिथे शाळा सुटलेल्या मुलांच्या प्रमाणाला ‘गळती’ म्हणतात. नळ गळतो, छत गळतं, तशी मुलं गळतात. कोणी काही केलेलं नसतं.

कामाला लावायचा हा शब्द माणसाला लावला की त्याचा रंगच बदलतो. ‘तो जरा अर्धवट आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि ते बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोरच बोललं जातं, कारण त्याला कळणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आईवडिलांना हा शब्द किती वर्षं ऐकावा लागला असेल. गंमत म्हणजे मराठीला माणसात अर्धं जास्त असलेलंही खपत नाही. शहाणपण अर्धं कमी पडलं तर अर्धवट, अर्धं जास्त झालं तर दीडशहाणा. शिवी न खाता जगायचं तर बरोबर एक शहाणं असावं लागतं, आणि ते माप कोणाकडे असतं ते सांगायला नको.

पण याच शिवीचा एक प्रेमळ संसारही मराठीत झालेला आहे. शब्दभ्रमकार यशवंत पाध्यांनी एक बाहुला केला, त्याचं नाव अर्धवटराव. पुढे रामदास पाध्यांनी त्याला घरोघरी नेलं, त्याची बायको आवडाबाई. अर्धवटराव लोकांना आवडला, कारण शहाण्या माणसाला जे बोलता येत नाही ते तो बोलतो. पाहुण्याला टोमणा मारतो, स्वतःच्या मालकाला उलट उत्तर देतो. अर्धवटाला मुभा असते. आणि तो खरोखरच अर्धवट आहे, म्हणजे त्याचा अर्धा भाग पाध्यांच्या मांडीवर असतो आणि उरलेला त्यांच्या घशात. दोन्ही एकत्र आल्याशिवाय त्याचं वाक्य पूर्ण होत नाही.

माणूस अर्धवट आणि काम अर्धवट या दोन्ही अर्थांची गाठ मराठीत एका ठिकाणी फार सुंदर पडते. एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात, परंपरा सांगते त्याप्रमाणे चव्वेचाळिसाव्या अध्यायापाशी, थांबलं. नाथ जायला निघाले तेव्हा प्रश्न आला, हे पुरं कोण करणार? आख्यायिका अशी की नाथांनी गावबाचं नाव घेतलं. गावबा म्हणजे पुरणपोळीच्या आशेने नाथांच्या घरी येऊन राहिलेला, सगळे ज्याला मंदबुद्धी समजत असा मुलगा. विद्वान मंडळी बाजूला राहिली आणि ज्याला लोक अर्धवट म्हणत त्याने अर्धवट राहिलेला ग्रंथ पुरा केला. गोष्ट खरी किती, हा वेगळा मुद्दा. ती रचणाऱ्याला या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असणार असं मला नेहमी वाटतं.

आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथे येते. मराठी साहित्यात एका सालाने अर्धवट कामांचा ढीग मागे ठेवलाय. १९१९. त्या वर्षी २३ जानेवारीला राम गणेश गडकरी गेले, वय अवघं तेहतीस. ३ मार्चला हरि नारायण आपटे गेले. ९ मेला रेव्हरंड नारायण वामन टिळक. साडेतीन महिन्यांत तिघे. गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ हे नाटक, हरिभाऊंची ‘कर्मयोग’ ही कादंबरी आणि टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य, तिन्ही पुरी व्हायची होती.

वाङ्मयेतिहासाची पुस्तकं उघडलीत तर तिन्हींना एकच विशेषण लावलेलं दिसेल: अपूर्ण. अपूर्ण नाटक, अपूर्ण कादंबरी, अपूर्ण काव्य. ‘गडकऱ्यांचं अर्धवट नाटक’ असं कोणी लिहीत नाही. लिहिलं तर गडकऱ्यांची टवाळी केल्यासारखं वाटेल. मोठ्यांचं ते अपूर्ण, आपलं ते अर्धवट. ही नुसती शिष्टाई असती तर माझी तक्रार नव्हती. पण अपूर्ण हा शब्द नजर एका ठराविक बाजूला वळवतो. त्याच्या पोटात ‘पूर्ण’ बसलेला आहे. अपूर्ण म्हटलं की आपण नसलेल्या भागाकडे बघू लागतो, तो कसा असता याची चित्रं रंगवतो, आणि त्या न लिहिलेल्या पानांची थोरवी लिहिलेल्या पानांना बहाल करतो. अर्धवट उलट, जे समोर आहे त्याकडे बघायला लावतो. किती झालंय? कुठे थांबलंय? का? ठेवलं, राहिलं की सोडलं?

‘राजसंन्यास’चं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे आणि सगळ्यांत दुखरंही. नाटक संभाजीराजांवरचं. त्यातले मधले बरेच प्रवेश लिहिलेच गेले नाहीत. शेवटाकडचं राजांचं पश्चात्तापाचं भाषण मात्र हातात आहे, आणि जिवाजी कलमदाने या बेरक्या, कारस्थानी कारकुनाचे विनोदी प्रवेश ऐसपैस लिहून झालेले आहेत. हा मजकूर गडकऱ्यांच्या मागे तसाच छापला गेला. पिढ्यान्‌पिढ्या चाहते सांगत आले की हे पुरं झालं असतं तर गडकऱ्यांची सर्वश्रेष्ठ कृती ठरली असती. हे अपूर्ण-वाचन. मग ३ जानेवारी २०१७ला पुण्यात, संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी उखडून मुठेत टाकला. कारण हेच नाटक, त्यातलं संभाजीराजांचं चित्रण आणि जिवाजीच्या तोंडची शिवाजी महाराजांबद्दलची हिणकस भाषा. हे पूर्ण-वाचन, म्हणजे जणू लेखकाने शेवटचा पडदा पाडून, सही करून नाटक आपल्या हाती दिलंय. पुतळा पाडणं मला मान्य नाहीच. पण वाचन म्हणून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट वगळली: हे नाटक अर्धवट आहे.

अर्धवट म्हणून वाचलं तर काय दिसतं? गडकऱ्यांची एक सवय दिसते. ते आपल्या खलपुरुषांना आणि विदूषकांना आधी मोकळं रान देतात. भाषेची सगळी श्रीमंती त्यांच्यावर उधळतात, इतकी की प्रेक्षक नायकाला विसरावा. आणि मग पुढच्या अंकांत त्यांची वसुली करतात. ‘पुण्यप्रभाव’मधला वृंदावन वसुंधरेपुढे शेवटी वितळतो. ‘एकच प्याला’तला तळीराम, ज्याच्यामुळे नाट्यगृह हसत असतं, तो दारूनेच मरतो. ‘भावबंधन’चा घनश्याम शेवटी पश्चात्तापाने मोडतो. हे नाटक तर गडकऱ्यांनी अगदी अखेरच्या दिवसांत पुरं केलं. म्हणजे दुष्टाचं बोलणं आणि त्याला मिळणारं उत्तर यांमध्ये त्यांच्या नाटकात दोन-तीन अंकांचं अंतर असतं. ‘राजसंन्यास’मध्ये ते अंतर आहे तसंच उरलं. जिवाजीचं बोलणं आहे, त्याची वसुली नाही. उधारी लिहिलेली वही सापडली, जमेची पानं कोरी.

याने ती वाक्यं गोड होत नाहीत. जी लिहिली ती लिहिली, आणि ती वाचून कोणाला लागलं तर त्याला ‘अहो, पुढे उत्तर येणार होतं’ असं सांगणं म्हणजे पुन्हा न लिहिलेल्या पानांवर हुंडी काढणं झालं. शिवाय नाटकातला विलासी संभाजी हा प्रश्न जिवाजीपेक्षा मोठा आहे, आणि तिथे अर्धवट काय होतं ते बघायला हवं. गडकरी लिहीत होते तेव्हा त्यांच्यासमोर बखरींनी रंगवलेला संभाजी होता. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीसारखी, राजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली आणि त्यांच्याबद्दल मुळीच प्रेम नसलेली साधनं. अस्सल कागदपत्रं पारखून ते चित्र उलटवणारा वा. सी. बेंद्र्यांचा ग्रंथ आला १९६०मध्ये. पुढे कमल गोखल्यांनीही ते काम केलं. म्हणजे १९१९मध्ये नाटक अर्धवट होतंच, त्याच्याखालचा इतिहासही अर्धवट होता. फरक एवढाच की नाटकाला आपण अपूर्ण म्हणून सवलत दिली आणि त्या इतिहासाला पूर्ण समजून चाललो. एका अर्धवट गोष्टीचं बिल दुसरीच्या नावावर फाडलं गेलं.

शाळेतलं व्याकरण इथे उगाच आठवतं. ‘त्याने लिहिलं होतं’ हा पूर्ण भूतकाळ, ‘तो लिहीत होता’ हा अपूर्ण भूतकाळ. गडकऱ्यांबद्दल आपण कोणत्या काळात बोलतो यावर बरंच अवलंबून आहे.

हरिभाऊंची गोष्ट वेगळी आणि आपल्या फोनच्या जवळची. १८९०मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि अठ्ठावीस वर्षं चालवलं. त्यांच्या कादंबऱ्या त्यात दर आठवड्याला तुकड्यातुकड्याने येत. ‘यशवंतराव खरे’, ‘आजच’, ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत. यातली ‘कर्मयोग’ त्यांच्या शेवटच्या वर्षांतली, पण ‘यशवंतराव खरे’ अठराशे नव्वदच्या दशकातली. तेव्हा ते तरुण होते, पुढे पंचवीसेक वर्षं जगले, आणि ही कादंबरी पुरी करायला परत आले नाहीत. इथे ‘राहिली’ म्हणणं म्हणजे हरिभाऊंची बाजू घेणं. ‘सोडली’ म्हटलं पाहिजे.

आणि सोडण्याची जागा प्रकाशनाच्या रीतीतच होती. हप्त्याने लिहिणाऱ्याला सुरुवातच जास्त फळते. नवी गोष्ट सुरू केली की वाचक येतात, जुनी संपवली की थोडे जातात. प्रतिलिपीवर भाग ४७पर्यंत आलेली आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच थांबलेली कथा तुम्ही वाचली असेल. खाली लोक अजून विचारत असतात, पुढचा भाग कधी? अशा कथेच्या तळाशी असतो तो शब्द ‘क्रमशः’. न संपलेल्या गोष्टींसाठीचा हा सगळ्यांत आशावादी शब्द, कारण तो लेखक स्वतः लिहितो. अर्धवट हा शब्द वाचकाचा आहे. लेखक क्रमशः म्हणून निघून जातो, वाट बघून कंटाळलेला वाचक त्याचं अर्धवट करतो.

हरिभाऊंनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ असं नाव दिलं होतं. आजकालची गोष्ट संपवणं अवघडच. लिहिता लिहिता आजकाल पुढे सरकतो. तरीही ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांनी पुरी केली, आणि त्यातल्या यमूचं काय झालं ते आपल्याला शेवटपर्यंत बघावं लागतं. त्यांना संपवता येत होतं, हे विसरून चालणार नाही.

टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’चं तिसरंच झालं. ख्रिस्ताचं चरित्र मराठी महाकाव्यात सांगायचा त्यांचा बेत होता. गेले तेव्हा दहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा जिला अक्षरओळख नव्हती, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे जिचं शिक्षण कधी सुरू कधी बंद झालं, तिने. दहा आणि चौसष्ट या आकड्यांपुढे ‘पतीचं अपूर्ण कार्य पत्नीने पूर्ण केलं’ हे नेहमीचं वाक्य मला हास्यास्पद वाटतं. दहा अध्यायांची सुरुवात टिळकांची, ग्रंथ बाईंचा. पण अर्धांगिनी या शब्दाची करामत अशी की चौसष्ट अध्यायही अर्ध्यातच मोजले जातात.

खुद्द लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ १९३६मध्ये त्या गेल्या तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळकांनी जोडला. नवऱ्याचं अर्धवट पुरं करणाऱ्या बाईचं स्वतःचं अर्धवट राहिलं आणि ते मुलाकडे गेलं. वाचनाचा निकाल मात्र उलटा लागला. पुरं केलेलं ‘ख्रिस्तायन’ आज फार थोडे उघडतात. अर्धवट राहिलेलं ‘स्मृतिचित्रे’ लोक हरखून वाचतात आणि ते अर्धवट आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. महाकाव्याला शेवट लागतो, येशूची कथा वधस्तंभापर्यंत आणि त्याच्याही पुढे न्यावीच लागते. स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगणाऱ्याला शेवट लिहिता येतच नाही, आणि लक्ष्मीबाईंना तशी घाईही नव्हती. त्यांचं प्रत्येक प्रकरण आपापल्यापुरतं पोटभर आहे.

आणि त्या पुस्तकात ‘सोडणे’ हे क्रियापद कसं वापरायचं ते शिकायला मिळतं. टिळक नोकरी सोडतात, गाव सोडतात, न सांगता घर सोडून जातात, पुढे धर्म सोडतात. त्यांचा संसार म्हणजे अर्धवट टाकलेल्या बिऱ्हाडांची रांग. दुसऱ्या एखाद्या लेखिकेने ‘संसार अर्धवट राहिला’ असं लिहून डोळे पुसले असते, किंवा थोर पुरुषाच्या विक्षिप्तपणाला फुलं वाहिली असती. लक्ष्मीबाई तसं करत नाहीत. कोण गेलं, कुठे गेलं, घरात तेव्हा किती पैसे होते, मागे राहिलेल्या बाईने काय केलं, हे त्या हसत हसत सांगतात, पण कर्त्याचं नाव गाळत नाहीत. कर्ता प्रत्येक वेळी तिथे असतो: टिळक.